नंबर सात, नंबर अकरा आणि क्लेम टिलब्रुकची लेन्स

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्ष आणि पोर्ट हेस्लॉप कॅमेरा क्लबच्या सर्वेसर्वा ग्लेनिस नोस्के. ॲडलेडहून पाच तास गाडी हाकत, वाटेत दोन कांगारू चुकवत आलेले आपले प्रमुख पाहुणे आणि नामवंत परीक्षक ॲलिस्टर पिंकमसाहेब. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला ते उत्सवमूर्ती क्लेम टिलब्रुक. डावीकडे बसलेले प्राइम लेन्सवाले सभासद, उजवीकडे बसलेले झूम लेन्सवाले सभासद, आणि मधे हीटर आहे म्हणून मधे बसलेले तटस्थ सभासद. तसेच स्वयंपाकघराच्या खिडकीतून माना बाहेर काढून ऐकणाऱ्या सॉसेज रोल विभागाच्या भगिनी! ज्या बारंगर्ला या मूळ रहिवाशांच्या भूमीवर आपला हा हॉल उभा आहे, त्यांना आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना आदराने वंदन करते आणि माझ्या भाषणाला सुरुवात करते.

ग्लेनिसनी मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यातलं एक नावं घेण्यातच गेलं. उरलेल्या चार मिनिटांत मी क्लेमच्या सेहेचाळीस वर्षांच्या सेवेचा गौरव करायचा, मग त्यांना फ्रेम केलेला फोटो द्यायचा, आणि मग सोडतीचं पिंप फिरवायचं, असा कार्यक्रम आहे. सोडतीची बक्षिसं त्या टेबलावर मांडली आहेत. डाव्या ट्रेमध्ये कोकराच्या चॉप्स, उजव्या ट्रेमध्ये दोन किलो सॉसेज, आणि मधे, बर्फाच्या पाण्यापासून जेमतेम चार बोटं दूर, ती चामड्याची तपकिरी डबी. तिच्यात काय आहे हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. क्लेमची पन्नास मिलिमीटरची लेन्स. क्लेमनी ती स्वतःहून सोडतीला दिली. आता आपल्याला हिचा उपयोग नाही म्हणाले.

पिंप एकदा फिरलं की ती लेन्स कुणाच्यातरी घरी जाणार, आणि आपल्या घटनेच्या कलम नऊनुसार काढलेली चिठ्ठी परत पिंपात टाकता येत नाही. म्हणून पिंप फिरायच्या आधी मला एक गोष्ट सांगायची आहे. ती गौरवाची नाही. ती माझ्याबद्दल आहे, आणि फारशी बरी नाही.

पण आधी मी कोण ते सांगते, कारण पिंकमसाहेब मघापासून मला चहावाली समजताहेत. मी टेस कूमिस. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. म्हणजे मी शाळेला सोडलं की शाळेने मला, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. त्यानंतर मी मिल्ड्युरात संत्री तोडली, ब्रूममध्ये बोटी धुतल्या, आणि पाच वर्षांपूर्वी तीन आठवड्यांसाठी इथे कालवं काढायला आले. चौथ्या आठवड्यात व्हॅनचं इंजिन बसलं. व्हॅन अजून तिथेच आहे, कालवांच्या शेडमागे. आता तिच्यात एक कोंबडी राहते. अंडी बरी देते... असो. मुद्दा असा की या गावात ज्याला संध्याकाळी काही काम नसतं त्याला दोनच जागा आहेत, हिरवळीवर चेंडू घरंगळवणाऱ्यांचा लॉन बोल्सचा क्लब आणि कॅमेरा क्लब. बोल्सवाले पांढरे कपडे घाला म्हणाले. माझ्याकडे पांढरं काही नव्हतं. म्हणून मी तुमच्यात आले.

पहिल्या दिवशी मी नेमकी मधल्या रांगेत डावीकडे सरकून बसले, तर एक गृहस्थ कानात म्हणाले, "बाई, तुमच्याकडे प्राइम आहे का?"

मी म्हटलं, "माझ्याकडे कॅमेराच नाही."

"मग हरकत नाही," ते म्हणाले, "विचार शुद्ध असले म्हणजे झालं."

हळूहळू मला भांडण समजलं. प्राइम लेन्स म्हणजे एकाच मापाची. ती जागची हलत नाही, हलायचं ते माणसाने. पेलिकन मोठा हवा असेल तर पेलिकनकडे चालत जा. झूम लेन्सची कडी फिरवली की पेलिकन आपणहून जवळ येतो. आता तुम्हीच सांगा, यावर माणसांनी किती भांडावं? एकोणीसशे शहाण्णवच्या वार्षिक सभेत आपण साडेतीन तास भांडलो. डावीकडचे म्हणाले, जुन्या काचेला जीव असतो, झूमला नुसती कडी असते. उजवीकडचे म्हणाले, जीव तुमच्या गुडघ्यांत उरलेला नाही म्हणून काचेत शोधताय. शेवटी दोन वेगळे चषक ठेवायचे ठरलं, एक प्राइमचा आणि एक झूमचा. तेव्हापासून प्रत्येक फोटोसोबत एक कार्ड लावायचा नियम आला. कार्डावर नाव नाही, फक्त नंबर आणि लेन्सचा तपशील, म्हणजे परीक्षकांना कळावं की आपण काय पाहतोय. हा नियम नीट लक्षात ठेवा. आपली सगळी फजिती त्याच्यात आहे.

क्लेम डाव्या बाजूचे सेनापती. एकाहत्तर साली गव्हाच्या जहाजावरच्या एका खलाशाकडून त्यांनी ही लेन्स घेतली आणि बदल्यात टोपलीभर व्हाइटिंग मासे दिले. आयुष्यात दुसरी लेन्स घेतली नाही. मुलीने नवा कॅमेरा पाठवला, तर त्यालाही जोडायची एक कडी बसवून हीच लेन्स लावली. फिरायला गेलं की ते तीन फोटो काढतात. मोजून तीन. "चौथा लागला तर समजावं, आपण बघत नव्हतो," असं म्हणतात.

ग्लेनिस उजव्या बाजूच्या. त्यांची झूम माझ्या दंडाएवढी आहे आणि तिला स्वतःचा रेनकोट आहे. ग्लेनिस एका सकाळी सहाशे फोटो काढतात. आणि हो, हसू नका, गेल्या वर्षी फुटबॉलच्या कोचची बोट इंजिन बंद पडून वाहत निघाली होती, तेव्हा जेटीवरून त्या बोटीचा नंबर वाचला तो ग्लेनिसच्या झूमने. क्लेमची पन्नास मिलिमीटर त्या दिवशी काय कामाची होती? क्लेम स्वतः म्हणाले होते, "मी चालत गेलो असतो, पण मधे समुद्र होता."

पण या दोघांचं भांडण काचेचं नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पिंकमसाहेबांना नाही, म्हणून सांगते. त्र्याऐंशी साली ग्लेनिसचं लग्न झालं. फोटो काढायला अर्थात क्लेम. जेटीवर नवरा-नवरी, दोन्हीकडची वऱ्हाडं, एकतीस माणसं. आणि पन्नास मिलिमीटरमध्ये एकतीस माणसं मावेनात. क्लेम एक पाऊल मागे गेले. मावेनात. आणखी एक पाऊल मागे. "काकूंना आत घ्या," म्हणत आणखी एक. आणि गेले की पाण्यात! कॅमेऱ्याचा हात तेवढा वर. पण पडता पडता लेन्सची कड लोखंडी खुंट्यावर आपटली आणि तिचा टवका उडाला.

ग्लेनिस आजही सांगतात, "मी त्याच दिवशी ठरवलं, घेईन तर अशी लेन्स, जिच्यापायी माणूस मागे जात नाही."

त्या टवक्यामुळे एक गंमत झाली. समोर सूर्य असला की क्लेमच्या फोटोत उजव्या वरच्या कोपऱ्यात एक फिकट चंद्रकोर उमटते. पुसली जात नाही, काही नाही. चाळीस वर्षं आपण तिला 'क्लेमची कोर' म्हणतोय. चाळीस वर्षं, मंडळी! नाताळच्या कार्यक्रमात तिच्यावर विनोद झाले. डावीकडच्यांनी तिला जुन्या काचेचं व्यक्तिमत्त्व म्हटलं, उजवीकडच्यांनी मोतीबिंदू म्हटलं. ही कोर माहीत नाही असा माणूस या हॉलमध्ये एकच, आणि तो पाहुणा आहे.

आता येते जूनच्या वार्षिक स्पर्धेवर.

मे महिन्यात आपण सगळे सूर्योदयाला जेटीवर गेलो होतो, आठवतं ना? कॅमेरा क्लब म्हणजे काय, तर अकरा वेगळी माणसं अकरा तिपाया एका रांगेत लावून एकच फोटो काढतात. जेटीच्या टोकाच्या खांबावर एक पाणकावळा बसला होता. सूर्य वर आला, पाणकावळ्याने पंख पसरले, आणि अकरा कॅमेरे वाजले. क्लेम आणि ग्लेनिस शेजारी शेजारी होते. त्यांचं काय चाललं होतं, तेही मी ऐकलं.

"अगं, तुझं मशीन जरा थांबव, पाखरू घाबरेल."

"तुझ्या त्या एकाच मापाच्या काचेत पाखरू मावतंय का, ते बघ आधी."

स्पर्धेला दोघांनी तोच फोटो दिला. दोन्ही सारख्याच काळ्या पाटीत बसवलेले, पाटीवर कुठेच नाव नाही, नाव फक्त नंबरांच्या यादीत. नंबरांचे गोल स्टिकर चिकटवायचं काम माझ्याकडे, कारण समितीच्या मते माझी बोटं अजून थरथरत नाहीत. त्या संध्याकाळी माझ्या एका हातात स्टिकर होते आणि दुसऱ्या हातात लॅमिंग्टन, तो खोबऱ्यात घोळवलेला केक. नारळाचा कीस फोटोंवर पडू नये म्हणून मी बशी मधे सरकवली, आणि दोन पाट्या उचलून बाजूला ठेवल्या, आणि परत घेतल्या. बस्स, एवढंच झालं. क्लेमचं कार्ड होतं नंबर सात, ग्लेनिसचं नंबर अकरा. सातचा स्टिकर गेला ग्लेनिसच्या फोटोवर, आणि अकराचा क्लेमच्या.

हां. आता कुजबुज सुरू झाली. थांबा, अजून संपलं नाही.

पिंकमसाहेबांनी नंबर अकरा उचलला. आधी कार्ड वाचलं. नवी झूम, सगळ्यात महाग. मग फोटोकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. काय म्हणाले ते मी चहाच्या थाळीवर लिहून ठेवलंय, वाचते: "ही धार, ही खोली आधुनिक काचेशिवाय अशक्य. आणि कोपऱ्यातलं हे चंद्रकोरीसारखं मंद तेज पाहा! आजच्या भिंगांवरच्या नव्या लेपाची ही किमया." आणि आपण काय केलं? उजवीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. डावीकडच्यांनी सुस्कारे सोडले. क्लेमची कोर भिंतीएवढी समोर लटकत होती, आणि ती एकाही माणसाला दिसली नाही. का? कारण कार्डावर झूम लिहिलं होतं! मलाही दिसली नाही. मी दुसरं लॅमिंग्टन घ्यायला गेले होते.

मग नंबर सात. कार्ड वाचलं, जुनी प्राइम, पन्नास मिलिमीटर. पिंकमसाहेब गंभीर झाले. "फोटो धूसर आहे," म्हणाले. "पण मी लेन्सला दोष देणार नाही. ही लेन्स उत्तमच असते. दोष डोळ्याचा आहे. हा फोटो ज्या गृहस्थांचा आहे, त्यांनी आता हाताने फोकस करणं थांबवावं, हे त्यांना कुणीतरी प्रेमाने सांगायला हवं."

आणि मग यादीतून नावं वाचली गेली. नंबर अकरा, ग्लेनिस नोस्के, झूमचा चषक. नंबर सात, क्लेम टिलब्रुक.

क्लेम शेवटच्या रांगेत होते. कप सिंकमध्ये विसळला, टोपी घातली आणि गेले.

दुसऱ्या आठवड्यात ते मला जेटीवर भेटले. गळ टाकून बसले होते, कॅमेरा नव्हता. मी म्हटलं, "क्लेम, क्लब का सोडताय? कुणीतरी कायतरी बोललं म्हणून?"

म्हणाले, "पोरी, लेन्स उत्तम आहे म्हणाला तो. मग उरलं कोण?"

"डॉक्टरांना दाखवलंत का?"

"डॉक्टर म्हणतो ठीक आहे. पण डॉक्टर फोटो कुठे काढतो?" मग म्हणाले, "मी बोल्सला जातोय. तिथला चेंडू केवढा असतो बघितलास ना? तो धूसर दिसला तरी चालतो."

मंडळी, क्लेम टिलब्रुक आणि पांढरी पँट! मी त्या रात्री जेवले नाही. म्हणजे खिम्याची पास्टी खाल्ली, पण चव लागली नाही. आणि तेव्हा मला अजून माहीतसुद्धा नव्हतं.

कळलं ते गेल्या मंगळवारी. समितीने ठरवलं की क्लेमना निरोपाची भेट म्हणून त्यांचा शेवटचा फोटो फ्रेम करून द्यायचा. शेवटचा, म्हणजे नंबर सात! ज्या फोटोने माणूस घालवला तोच त्याच्या भिंतीवर टांगायचा. यालाच आपण समितीचा विचार म्हणतो. फ्रेम करायचं काम अर्थात माझ्याकडे. मी पाटी उघडली. फोटोच्या मागे छापखान्याची चिठ्ठी होती: जी. नोस्के, सहाशे अठरापैकी चारशे बारावा.

मग कपाटातून नंबर अकरा काढला. त्याच्या मागे पेन्सिलने दोनच शब्द लिहिले होते. ते मी आत्ता सांगत नाही. फोटो उलटला, आणि कोर दिसली. उजव्या कोपऱ्यात. चाळीस वर्षं होती तिथेच.

तेव्हा पिंकमसाहेब, जूनमधल्या सर्वोत्तम झूमच्या फोटोत झूम नव्हती. तो त्र्याऐंशी साली जेटीच्या खुंट्यावर आपटलेल्या लेन्सचा फोटो आहे, आणि ती नव्या लेपाची किमया म्हणजे एक टवका आहे. आणि ज्या डोळ्याला तुम्ही दोष दिलात, त्या डोळ्याने तो हाताने फोकस केलाय. पिंकमसाहेब आपल्या बुटांकडे बघताहेत. बुटांना कार्ड लावलेलं नाही, त्यामुळे मत बनवायला वेळ लागत असावा.

पण एकट्या पिंकमसाहेबांना हसू नका. ते परके. आपण कोण होतो? क्लेमना शेवटच्या रांगेतून फोटो नीट दिसला नाही आणि शरमेने ते जवळ गेले नाहीत, हे मी समजू शकते. पण आपण तर पहिल्या रांगेत होतो. काच जुनी की नवी यावर तीस वर्षं भांडणाऱ्या क्लबात काचेतून आलेलं चित्र कुणी बघतच नाही, हे...

काय म्हणता, ग्लेनिस? माईक घ्या ना. नको? बरं, मी सांगते. ग्लेनिस म्हणताहेत, "मी सहाशे अठरा काढले होते, मला काय ठाऊक माझा कुठला!" प्रामाणिक आहे, लिहून घ्या. आणि अगदी न्यायाने सांगायचं तर ग्लेनिसच्या धूसर फोटोत झूमचाही दोष नाही. त्यांची तिपाई जेटीच्या कठड्याला टेकली होती, आणि कठड्यावर नाचत कोण होतं? मी. पाय गार पडले होते.

आता मी ते दोन्ही फोटो इथे स्टँडवर लावते. नंबर काढून, कार्डं काढून. फ्रेममध्येही मी अकरा नंबरचाच घातलाय, समितीला न विचारता. समितीने मला काढून टाकायचं असेल तर त्याचंही कलम बघून ठेवा.

क्लेम, तुम्हाला मी काही सुचवणार नाही. मला सुचवता येत असतं तर माझी व्हॅन चालू असती. फक्त एकदा पुढे या. लेन्स तुमची झूम होत नाही, तेव्हा तुम्हालाच यावं लागेल.

या. सावकाश. तिथे वायर आहे, बघून. बाजूला व्हा हो जरा, त्यांना जवळ जाऊ द्या. आणखी जवळ... नाक लागेल क्लेम, काच कालच पुसलीय.

काय म्हणालात? मोठ्याने.

"तिसरा आहे. वारा होता."

मंडळी, फोटोच्या मागे पेन्सिलने हेच लिहिलंय. 'तिसरा. वारा.' आणि हा माणूस म्हणत होता, आपल्याला दिसत नाही.

अहो ग्लेनिस, खुर्ची पडेल! अध्यक्ष व्यासपीठावरून खाली उतरल्या आहेत. अध्यक्ष सोडतीच्या टेबलाकडे निघाल्या आहेत. कलम नऊ, अहो! "कलम नऊ काढलेल्या चिठ्ठीला लागू आहे, पिंप अजून फिरलेलं नाही," असं अध्यक्षांचं म्हणणं आहे, आणि कलमं त्यांनीच लिहिलेली असल्यामुळे वाद संपला. डबी उचलली. तिच्यावर चॉप्सचं पाणी उडालंय ते स्वतःच्या बाहीला पुसलं. आणि डबी हातात देताना त्या काय म्हणताहेत ते ऐकलंत का?

"घे रे बाबा. माझ्या लग्नाचा एकच फोटो धड आहे. सगळे त्यात हसताहेत, कारण तू पडत होतास. असा माणूस बोल्स खेळायला मी जाऊ देणार नाही."

क्लेम यावर म्हणाले, "चषक कधी परत करतेस?" म्हणजे तब्येत सुधारली.

आता हा निरोप समारंभ आहे की नाही, हे मला सांगता येणार नाही. केक कापलेला आहे, सॉसेज रोल गरम आहेत, तेव्हा तो कशाचातरी समारंभ समजून खावा. पिंकमसाहेब एवढ्या लांबून आले आणि आत्ता ते स्वतः उठून फोटोसमोर उभे आहेत, कार्डाशिवाय, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. ग्लेनिसचे आभार. त्यांनी दिलेल्या पाच मिनिटांची मी झूम केली. स्वयंपाकघराचे आभार, हीटरचे आभार, माझ्या कोंबडीचे आभार, कारण केकमधली अंडी तिची आहेत.

भाषणाच्या शेवटी, बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर क्षमा मागायची पद्धत असते. माझं बोलण्यात काही चुकलं नसेल. चिकटवण्यात चुकलं. चार महिने एका माणसाला वाटत राहिलं की आपले डोळे गेले, ते माझ्या एका गोल कागदामुळे. क्लेम, त्याची क्षमा मी सगळ्यांदेखत तुमच्याकडे मागते. पुढच्या वर्षी स्टिकर लावताना माझ्या हातात खायला काही नसेल, एवढं वचन देते.

आणि आता रिवाजाप्रमाणे सगळ्यांचा एकत्र फोटो. डावीकडचे आणि उजवीकडचे, जरा मधे सरका, आज चालेल. काढणार अर्थात क्लेम. ग्लेनिस आपली झूम पुढे करताहेत आणि ते मान हलवून नको म्हणताहेत. "मावाल सगळे," म्हणाले. डबी उघडली, लेन्स लावली. एक पाऊल मागे गेले. आणखी एक. मंडळी, हसू नका, हलेल... बरं, हसा!

क्लेम, मागे पायरी आहे.